बॅकअपचा बॅकअप

अमेरिकेत नवं घर दाखवण्याचा मराठी माणसाचा एक ठरलेला क्रम आहे. आधी स्वयंपाकघर आणि तिथला ग्रॅनाइटचा ओटा, मग देवघर, मग वरच्या बेडरूम, आणि सगळ्यात शेवटी बायकोच्या साड्यांचं ते कपाट, ज्यात माणूस उभ्याने आत जातो. अण्णा या क्रमाला जुमानत नाहीत. पाहुण्याने दारात बूट काढले की ते त्याला थेट जिन्याकडे वळवतात. "आधी बेसमेंट बघून घे. तोवर पोहे होतायत."

अण्णांचं घर न्यू जर्सीत, एडिसनला. बेसमेंटच्या कोपऱ्यात, फर्नेसच्या मागे, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल असा एक गोल खड्डा आहे. घराच्या पायाला लागून जमिनीखाली भोकाभोकांचे पाइप फिरवलेले असतात. मुरलेलं पाणी त्यांतून या खड्ड्यात उतरतं आणि खड्ड्यातला सम्प पंप ते बाहेर अंगणात फेकतो. अण्णा झाकण उचलतात, टॉर्च लावतात आणि गाभाऱ्यातला पुजारी दर्शनाला जागा करून देतो तसे बाजूला सरकतात. आपण वाकायचं. आत गढूळ पाणी, काळा पंप, आणि नीट पाहिलं तर खड्ड्याच्या भिंतीवर मार्करने मारलेल्या दोन रेघा. खालच्या रेघेशी लिहिलंय 'इशारा'. वरच्या रेघेशी 'धोका'.

अण्णा मूळचे सांगलीचे, हे यावरून ओळखावं. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा अण्णा इथून दर दोन तासांनी थोरल्या भावाला फोन लावत होते. "आता किती?" शेवटी भाऊ वैतागला. "अरे, मी माळ्यावर बसलोय. पोहत जाऊन पूल बघून येऊ का?"

या भावाने पूर्वी एकदा एडिसनला येऊन ते बेसमेंट पाहिलं होतं. जमिनीखाली खोली बांधलीच कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न. अण्णांनी खुलासा केला. थंडीत इथली जमीन गोठते, गोठलेली माती फुगते, फुगलेली माती पाया उचलते. म्हणून पाया निदान तीन फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी खणून एक मजला का काढू नये? त्यातून या भागात चिकणमाती भरपूर. शेजारच्या सेअरव्हिलला त्याच मातीच्या विटांचा मोठा कारखाना होता. पाणी मुरलं की हलता हलत नाही. भावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आधी खड्डा खणून त्यात राहायला जायचं, आणि मग पाणी येतं म्हणून त्या खड्ड्यात आणखी एक खड्डा खणायचा," असं म्हणून तो पोह्यांकडे वळला.

अण्णांना याचा राग आला नाही. अडाण्यांचा त्यांना राग येत नाही, कणव येते. अडाणी म्हणजे ज्याच्या घरी एकच पंप आहे तो.

"बघ गड्या," ते सुरू करतात. "पंप लागतो कधी? वादळात. वीज जाते कधी? वादळात." इथे ते थांबतात. "मग?"

हा 'मग?' फार जबरदस्त आहे. त्याला उत्तर नसतं. मराठी मंडळाच्या संक्रांतीला, मुंजीत, एकदा तर एका साठीशांतीत होम चालू असताना, मी अण्णांना हा 'मग?' टाकताना आणि समोरच्याचा घास हातातच राहताना पाहिलंय. त्यानंतर अण्णा खिशातून फोन काढून तक्ता उघडतात. पंपांची नावं, मिनिटाला किती गॅलन, किती फुटांवर, वॉरंटी, किंमत, सेलमधली किंमत, सेल संपल्यावर पस्तावलेल्यांनी मोजलेली किंमत. हा शेवटचा रकाना त्यांनी ओळखीच्यांना फोन करून भरलाय.

तक्त्याचा उगम आयरीनमध्ये. २०११ च्या ऑगस्टअखेर ते वादळ आलं तेव्हा घरात बिल्डरने बसवलेला एकुलता एक, एक तृतीयांश अश्वशक्तीचा पंप होता. पहाटे वीज गेली. अण्णा, वहिनी आणि तेव्हा शाळेत असलेला मुलगा अशी तिघांची साखळी बादल्या वर चढवत राहिली. इकडून बादली उपसावी, तिकडून खड्डा भरावा. दुपारपर्यंत कार्पेट भिजलं, आणि भिजलेलं कार्पेट जिन्यावरून वर ओढताना अण्णांची कंबर धरली ती अजून पावसाचा अंदाज देते.

पुढच्याच आठवड्यात बॅटरीवरचा पंप आला. अण्णा आकडे सांगतात ते ऐकण्यासारखे असतात. साधा मुख्य पंप दीडशे ते तीनशे डॉलरचा. बॅटरीवर चालणारा जोडपंप चार्जर आणि भोंग्यासकट घेतला तर स्वस्तातला तीन-चारशेला, चांगला घ्यावा तर हजाराच्या घरात. डीप सायकल बॅटरी वेगळी, दीड-दोनशेची. "बॅटरी तीन ते पाच वर्षांत मरते," अण्णा सांगतात, "प्लंबर मरत नाही. त्याचं मीटर चालूच." प्लंबरने बसवण्याचा जो आकडा सांगितला तो पंपाच्या किमतीहून जास्त होता. तीन प्लंबरांना बोलावून, तिघांना चहा पाजून, तिघांकडून तीन आकडे घेऊन अण्णांनी काम स्वतःच केलं. पीव्हीसीचा सांधा जोडण्याआधी त्याला जांभळा प्रायमर फासावा लागतो. अण्णांच्या घरी पुढे वर्षभर बनियन, टॉवेल आणि सत्यनारायणाच्या पूजेचं सोवळं या सगळ्यांवर जांभळे डाग होते.

खर्च पटवून देण्याची त्यांची स्वतःची पद्धत आहे. डॉलरचे रुपये करणं त्यांनी केव्हाच सोडलं. ते डॉलरचे वडापाव करतात. "दोनशेची बॅटरी चार वर्षं चालली. वर्षाला पन्नास. आठवड्याला एक डॉलरसुद्धा नाही. एक डॉलरमध्ये आपल्या ओक ट्री रोडवर अर्धा वडापाव तरी मिळतो का? मग?"

या बॅटरीला डिस्टिल्ड पाणी लागतं, त्याचे गॅलन बेसमेंटच्या फळीवर ओळीने असतात. अण्णांच्या आई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं, मुलाने प्यायला चांगलं पाणी भरून ठेवलंय. आठ दिवस घरात त्या पाण्याचा चहा झाला. कुणाला काही झालं नाही. चहा मात्र कसा होत होता विचारलं की वहिनी विषय बदलतात. पाणी कमी पडल्यावर बॅटरीचा भोंगा रात्री दोन वाजता वाजला, तेव्हा उलगडा झाला.

सँडी वादळाने अण्णांना वेगळाच दगा दिला. २९ ऑक्टोबर २०१२. वीज गेली आणि कित्येक घरांत आठवडाभर आली नाही, पण आमच्या भागात वारा जेवढा, तेवढा पाऊस काही पडला नाही. नवीकोरी बॅटरी फुल चार्ज होऊन खड्ड्याशी वाट बघत बसली आणि खड्ड्यात टिपूस नाही. वर फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या गेल्या. वहिनींनी त्या एकेक करून कचऱ्यात टाकल्या, आणि दर पोळीगणिक अण्णांकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी अण्णा जनरेटरच्या शोधात निघाले. आसपासची दुकानं रिकामी होती, तेव्हा पेनसिल्व्हेनियात आत आत जात राहिले आणि रात्री एक घेऊनच आले. मग पेट्रोलचा प्रश्न. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ३ नोव्हेंबरपासून १२ काउंट्यांत सम-विषम लावलं. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम तर सम तारखेला पेट्रोल, विषम तर विषम तारखेला. अण्णांची गाडी सम, वहिनींची विषम. रोज सकाळी डबा घेऊन अण्णा रांगेत. पत्रिका जुळल्याचा लग्नानंतर इतका उघड फायदा पहिल्यांदाच झाला, असं ते अजून सांगतात.

मग काही वर्षं एडिसनला मोठं वादळ आलं नाही. लोक सुखात होते, अण्णा अस्वस्थ. बॅटरी किती तास पुरेल? जनरेटर चालू करायला घरी कुणी नसलं तर? याच रिकाम्या काळात त्यांना पाण्यावर चालणाऱ्या पंपाने पछाडलं. त्याला वीज लागत नाही आणि बॅटरीही. नगरपालिकेच्या नळाचं पाणी एका अरुंद तोंडातून जोराने सोडायचं, त्याच्या ओढीने खड्ड्यातलं पाणी वर खेचलं जातं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतं. विहिरीवर असलेल्या घराला याचा उपयोग नाही, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही बसतो. अण्णांकडे नळ होता. पंप दोन-तीनशेचा, खड्ड्यातलं घाण पाणी उलटं नळात शिरू नये म्हणून बसवायचा व्हॉल्व्ह, त्याचा परवाना, नगरपालिकेची तपासणी आणि प्लंबर धरून खर्च त्याच्या चौपट. पैशापेक्षा त्यांचा हात अडला तो वेगळ्याच गोष्टीने. दोन गॅलन घाण पाणी काढायला हा पंप साधारण एक गॅलन पिण्याचं पाणी वाया घालवतो. नळाला पाणी आलं की हातातलं टाकून हंडे भरायला धावलेल्या घरातला हा मुलगा. आई फोनवर म्हणाल्या, "पाण्यानं पाणी काढायचं? तुमच्या देशात कायपण करतील." दीड वर्ष मनाशी भांडून शेवटी अण्णांनी तो घेतला. त्याला ते 'बॅकअपचा बॅकअप' म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली येतो.

विम्याबद्दल अण्णांना विचारू नये. विचारलं तर खुर्ची ओढून घ्यावी. नेहमीच्या घरविम्यात पूर बसत नाही. पुराचा विमा वेगळा, सरकारी योजनेतून, आणि घेतल्यावर साधारण ३० दिवस तो लागू होत नाही, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावून उपयोग नाही. तोही बेसमेंटमधल्या फर्नेसला, वॉटर हीटरला, सम्प पंपाला पैसे देतो. सोफा, कार्पेट, टीव्हीला देत नाही. पंप बंद पडून किंवा गटार उलटून पाणी आलं तर त्याला तिसरं कलम, वर्षाला साधारण शंभरेक डॉलर जास्त भरून जोडून घ्यायचं. "पाणी घरात आल्यावर आधी त्याचं कुळ-गोत्र विचारायचं," अण्णा सांगतात. "आकाशातलं की जमिनीतलं की मोरीतलं. मग फोन करायचा."

वहिनींचं म्हणणं याहून सोपं आहे. अमेरिकेचं आपत्ती खातं, फेमा, सांगतं की घरात एक इंच पाणी आलं तरी २५ हजार डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकतं. अण्णा हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. वहिनींनी एकदा ऐकता ऐकता बेसमेंटमधल्या सामानाची यादीच केली. ज्यावर कपडे वाळतात ते ट्रेडमिल. चाकं तुटलेल्या पाच सूटकेसा. मुलाचे शाळेतले विज्ञानाचे प्रयोग, त्यांत एक ज्वालामुखी. सांगलीहून आणलेली आणि कुणी न वाजवलेली बाजाची पेटी. वीस वर्षांचे दिवाळी अंक. मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर. "यात पंचवीस हजाराचं काय आहे, ते बोट ठेवून दाखवा," म्हणाल्या. अण्णांनी पेटीवर बोट ठेवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अण्णांच्या त्या तक्त्यात सगळे रकाने आहेत, पण तळाला बेरीज नाही. वहिनींनी ती कालनिर्णयच्या पाठीवर केली. पंप, जोडपंप, बदललेल्या बॅटऱ्या, जनरेटर, तो घराला जोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियन, नळाचा पंप, प्लंबर. साडेचार हजार डॉलरच्या आसपास. "एवढ्यात दोघं सांगलीला दोनदा जाऊन आलो असतो." अण्णा म्हणाले, "आणि परत आल्यावर?" वहिनींनी पुढचा 'मग?' येण्याआधी मिक्सर चालू केला.

असं सगळं असूनही या माणसाबद्दल माझ्या मनात जी जागा आहे ती त्याच्या पंपांमुळे नाही. २०१८ च्या मार्चमध्ये लागोपाठ दोन बर्फाची वादळं आली, वीज गेली. अण्णांच्या समोरच्या घरात तान्हं बाळ होतं. अण्णांनी आपला जनरेटर बर्फातून ढकलत तिकडे नेला, घरापासून वीस फूट लांब ठेवायला लावला, त्याच्या धुरात विषारी वायू असतो आणि त्याला वास नसतो हे तीनतीनदा बजावलं, आणि परत येऊन आपल्या खड्ड्याशी स्टूल टाकून बसले. रात्रभर बॅटरीच्या भरवशावर, हातात टॉर्च, डोक्याला मफलर. वहिनी मधूनमधून जिन्यावरून विचारत होत्या, "किती?" खालून उत्तर येत होतं, "इशाऱ्याच्या खाली."

मग आलं आयडा वादळ. १ सप्टेंबर २०२१, बुधवारची संध्याकाळ. न्यूअर्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. न्यू जर्सीत ३० जणांचा जीव गेला, आणि त्या रात्रीवर अण्णा विनोद करत नाहीत. त्यांच्याकडे वीज गेली नाही. मुख्य पंप चालू, पाणी वाढल्यावर बॅटरीचाही चालू झाला, नळाचा तयारीत. अण्णा खड्ड्याशी उभे. आणि पाणी आलं ते त्यांच्या पाठीमागून, खिडकीतून. बेसमेंटच्या खिडक्या अर्ध्या जमिनीखाली असतात. बाहेरून त्यांच्याभोवती पत्र्याचा अर्धगोल हौद असतो. तो हौद मेपलच्या पानांनी तुंबला, काठोकाठ भरला आणि खिडकीच्या फटीतून आत वाहू लागला. त्यावर घालायचं प्लास्टिकचं झाकण तीसेक डॉलरला मिळतं. तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

खालच्या फळीवरचे दिवाळी अंक गेले. गणपती नऊ दिवसांवर आले होते. थर्माकोलचं मखर मात्र जिन्याशी तरंगत जाऊन टेकलं आणि पुसून, रंगाचा एक हात देऊन, त्याच वर्षी मंडळात उभं राहिलं. अण्णांना झाकणावरून सगळ्यांनी छेडलं. ते ढळले नाहीत. जमिनीवरचं पाणी उतारावरून खड्ड्यातच आलं होतं आणि तासा-दोन तासांत बाहेर गेलं होतं. "आलं खिडकीतून असेल," अण्णा म्हणाले, "गेलं कुठून?"

त्या आठवड्यात त्यांचा फोन थांबला नाही. दर वादळाआधी ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचे, "मंडळी, बॅटरी तपासा, खड्ड्यात बादली ओता," आणि निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता. आता तेच लोक विचारत होते, कुठला पंप, किती गॅलन, कितीला. अण्णांनी कुणालाही "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. हातपंप आणि लांब पाइप गाडीत टाकून ते घरोघरी गेले, कार्पेटं उचलायला हात दिला आणि जाताना प्रत्येकाला तक्ता पाठवला. त्यात आता खिडकीच्या झाकणाचा रकाना आहे, ठळक अक्षरांत.

सध्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर गॅसच्या पाइपलाइनवर आपोआप सुरू होणाऱ्या जनरेटरचं माहितीपत्रक असतं. बसवून दहा हजारांच्या पुढे जातं. वहिनी रोज ते उचलून वर्तमानपत्रांच्या रद्दीत टाकतात, अण्णा रोज काढून आणतात.

तुमच्या घरी बेसमेंट असेल तर पंप कुठला घ्यावा हे मला विचारू नका, अण्णांना विचारा. जेवून घ्या आणि मग फोन करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मात्र करू नका. तेव्हा ते खड्ड्यात बादली ओतत असतात आणि पंप सुरू होईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.